अण्णांची मोरपंखी सायकल

"अहो, उजवा. उजवा पाय उचला."

आई स्वयंपाकघरात ताट हातात घेऊन उभी होती आणि अण्णा दारात. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं हा आमच्या जैन घरातला नेम, आणि बाहेर ऊन पार उतरलं होतं. अण्णांची मान पुढे झुकली होती, हात चौकटीवर होता, नजर ताटाकडे होती. फक्त पावलं उंबऱ्याशी थिजली होती, कुणी फरशीला चिकटवून ठेवल्यासारखी.

"उचलतोय की," अण्णा म्हणाले.

पाय काही उचलला नाही. मी दवाखाना बंद करून नुकतीच आले होते. मागून त्यांच्या कमरेला हात लावला, तर सगळं अंग आतल्या आत थरथरत होतं. आईने ताट ओट्यावर ठेवलं, पुढे आली आणि आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं धरलं.

"हे ओलांडा."

त्याबरोबर अण्णांनी पाय उचलला, तिचं पाऊल ओलांडलं आणि काही झालंच नाही अशा थाटात आत येऊन पाटावर बसले.

"भात निवला," एवढंच आई म्हणाली.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. अण्णांना कंपवात होता. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणायचे, अण्णा 'माझा भाडेकरू' म्हणायचे. घरात घेतला तेव्हा एका खोलीत होता, आता सगळं घर बळकावतोय, म्हणायचे. सांगलीच्या कापड पेठेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. सुकुमार चौगुले म्हटलं की जुन्या बायका अजून ओळखतात. उभा जन्म त्यांनी गादीवर बसून साड्या उलगडल्या. हात थरथरायला लागले तसं दुकान माझ्या चुलतभावाकडे गेलं आणि अण्णा घरी बसले.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांचे हात रिकामे ठेवू नका. म्हणून आई त्यांना मटार सोलायला द्यायची, वाती वळायला द्यायची. थोडे दिवस त्यांनी ते केलं. मग एका सकाळी कापसाचं तबक हळूच बाजूला सरकवलं.

"मी वाती वळायला बसलो की आलेली माणसं देवळात आल्यासारखी बघतात," ते म्हणाले. "दुसरं काहीतरी दे."

दुसरं काय द्यायचं ते आम्हाला सुचत नव्हतं. तेवढ्यात त्यांची खोली वरून खाली आणायचं ठरलं, कारण जिना आता झेपत नव्हता. सामान हलवताना माळ्यावरून एक लांबोडकं गाठोडं निघालं. दुकानातल्या जाड मांजरपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेलं. मी सुतळी कापली. आत सायकलचा सांगाडा होता. नुसता सांगाडा आणि त्यात अडकलेला, पुढचं चाक धरणारा चिमटा. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. रंग पोपडे धरून सुटलेला, खाली तपकिरी गंज.

अण्णा खुर्चीत बसले होते. म्हणाले, "इकडे आण."

मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पोलादी नळीवरून अंगठा फिरवला, सांध्यांवरून बोटं फिरवली. मला तेव्हा एक गोष्ट दिसली, जी मी आधीही पाहिली असणार पण मनावर घेतली नव्हती. त्यांचा हात रिकामा असला की थरथरायचा. काहीतरी कामाचं धरलं की निवायचा.

लग्नाआधी अण्णा शर्यतीत सायकल चालवायचे हे मला ठाऊक होतं. सांगली जिल्ह्याच्या संघात होते. माझे आजोबा अचानक गेले, दुकानाची जबाबदारी अंगावर आली आणि सायकल सुटली. लहानपणी त्या शर्यतींच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या होत्या की त्या मला अण्णांच्या न वाटता भलत्याच कुणाच्या तरी वाटायच्या. गादीवर मांडी घालून बसलेला माणूस आणि वाऱ्याशी झुंजणारा माणूस यांचा मेळच बसत नसे.

"अण्णा, ही पुन्हा जोडूया," मी म्हणाले.

"जोडून काय करायचं?" आईने विचारलं.

"बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावू. पुण्यात लोक लावतात हल्ली. छान दिसते."

आईने भिंतीकडे बघितलं, मग सांगाड्याकडे. "घासूनपुसून घ्या मग. गंज भिंतीला लागला तर परत रंग काढायला लागेल."

अण्णांनी आळीपाळीने आम्हा दोघींकडे बघितलं आणि म्हणाले, "चालेल. पण माझ्या पद्धतीने."

मागच्या पडवीत कारखाना सुरू झाला. सकाळी दवाखान्याला जायच्या आधी थोडा वेळ, आणि रविवार अख्खा. माझी दोन्ही मुलं तेव्हा शाळेच्या वसतिगृहात होती, नवरा फिरतीवर, त्यामुळे मला कुणी विचारणारं नव्हतं. अण्णा खुर्चीत बसून सांगायचे, मी करायचे. आधी चिमटा सुटेना. रॉकेल पाजून ठेवलं, चार दिवसांनी लाकडाच्या हातोडीने ठोकला तेव्हा सुटला. आतून बेअरिंगचे छर्रे घरंगळले, काळ्या ग्रीसमध्ये बरबटलेले. ते मी गोळा करून फेकणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "नवे आण, पण त्याच मापाचे. आणि ग्रीस आधी त्यांच्या कटोरीत भर. मग छर्रे आपोआप चिकटून बसतात."

मी दातांची डॉक्टर. माझ्याकडे दातांवरचं कीटण काढायची जुनी, बाद झालेली हत्यारं डबाभर होती. कानाकोपऱ्यातला गंज काढायला ती इतकी कामाला आली की अण्णा खूश झाले. एकदा साखळीचं पुढचं दातेरी चक्र मी उजेडात धरून बघत होते.

"एक दात झिजलाय," मी म्हणाले.

"मग बसव की कॅप. माझ्याकडून फी घेऊ नकोस म्हणजे झालं."

आई आतून हसली. ती पडवीत यायची नाही, पण तिचे कान तिथेच असायचे.

ते चक्र मात्र अण्णांच्या सायकलचं नव्हतं. ते दिनकरकाकांनी आणलं होतं. दिनकर इंगवले म्हणजे अण्णांचे संघातले जोडीदार. तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग होती. अण्णांनी माझ्याकडून फोन लावून घेतला आणि म्हणाले, "दिनकर, माझी सायकल जोडतोय. तुझ्या अडगळीत काय काय आहे?"

दिनकरकाका दुसऱ्याच दिवशी मोपेडवर पोतं बांधून हजर. उंच, वाळक्या अंगाचा, काळा कुळकुळीत माणूस. पोत्यातून वाकडं हँडल काढलं, पायडल काढली, ते दातेरी चक्र काढलं, गिअर बदलायच्या दोन छोट्या दांड्या काढल्या आणि कुणा मुंबईच्या सायकलवाल्याकडून त्या काळी मिळवलेला इटलीचा गिअर काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"ही सगळी माझ्या सायकलची हाडं," ते म्हणाले. "सांगाडा माझ्या थोरल्यानं भंगारात घातला. मी देवदर्शनाला गेलो होतो, आलो तर सायकल नाही. दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी."

"आणि चाक?" अण्णांनी विचारलं.

दिनकरकाका खाली बघत पोत्याची घडी घालत राहिले. "चाक आहे की. आणतो पुढच्या वेळी."

ते गेल्यावर मी विचारलं, कुठलं चाक. अण्णांनी सांगितलं, ते मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. राज्याच्या शर्यतीत कऱ्हाडच्या पुढे दिनकरकाकांचं पुढचं चाक खड्ड्यात वाकलं. दोघंही पहिल्या तुकडीत होते. अण्णा थांबले, आपलं चाक काढून त्यांना दिलं आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिले. दिनकरकाका ती शर्यत जिंकले.

"तुम्ही का थांबलात?"

"पुढे चढ होता. चढावर तो माझ्यापेक्षा बरा होता," अण्णा म्हणाले, जणू साडीचा पोत सांगावा तसं. "दोघांतल्या एकानं तरी पुढं जायला पाहिजे होतं. मग आमचे वडील गेले. चाक आणायला मी गेलोच नाही, आणि ते त्याच्याकडेच राहिलं."

पुढच्या रविवारी दिनकरकाका ते घेऊन आले. मला वाटलं होतं गंजकं काहीतरी असेल. पण चाक झळाळत होतं. दर दिवाळीला ट्रॅक्टर धुताना त्यालाही तेल लागायचं, ते म्हणाले. मागच्या चाकासाठी नवी रिंग आणली होती, तिच्या तारा त्यांनी आमच्या पडवीतच भरल्या. मांडीवर रिंग घेऊन, एक तार आत, एक बाहेर, अशा विणत. मग चाक फिरवून त्याचा आउट, म्हणजे डगमग, काढायला बसले. अण्णा डोळे बारीक करून बघत होते.

"डाव्या अंगाला जातंय," अण्णा म्हणाले.

"तुझी मान डाव्या अंगाला जातीय. चाक सरळ हाय."

"दिनकर, डाव्या अंगाला जातंय."

दिनकरकाकांनी एक तार पाव फेरा आवळली आणि चाक पुन्हा फिरवलं. अण्णांनी मान हलवली. दोघंही सत्तरीच्या घरातले, पण त्या वेळी मला ते बाकावर शेजारी बसणाऱ्या पोरांसारखे दिसले.

कातड्याची सीट अण्णांची मूळची होती. दुकानाच्या गोदामात सापडली, वाळून वाकलेली. ती मी मिरजेला तबले मढवणाऱ्या मकबूलचाचांकडे नेली. त्यांनी ती उलटीपालटी केली आणि विचारलं, "यावर बसायचं आहे की बघायचं आहे?"

"बघायचं," मी म्हणाले.

घरी येऊन अण्णांना हे सांगितलं तर ते एकदम सावध झाले. "त्यांना सांग, बसायचं आहे असं समजून ताणा. अर्धवट काम नको."

असंच ब्रेकचं झालं. जुनी रबरं दगडासारखी कडक झाली होती. मी म्हटलं, रंग देऊन तशीच लावू, भिंतीवरच्या सायकलला ब्रेक कशाला लागतात. अण्णांनी ऐकलं नाही. नवी रबरं आली, नव्या केबल आल्या, पुण्याहून टायर मागवले. सीटची उंची ठरवताना त्यांनी मला सायकल धरायला लावली आणि आपल्या पायाचं माप सुतळीने घेतलं, टाचेपासून जांघेपर्यंत. मला वाटलं, माणूस हौशी आहे. दुकानात ब्लाऊजपीससुद्धा तीनदा मोजून देणारा माणूस.

रंग पूर्वीचाच, मोरपंखी हवा होता. गाड्या रंगवणाऱ्याकडून तो छान बसला, पण सांध्यांभोवतीची मूळची सोनेरी रेघ काढायला रंगारी तयार होईना. एवढं बारीक काम आमच्याकडे होत नाही म्हणाला. अण्णांनी ब्रश हातात घेतला आणि ठेवून दिला. काम धरल्यावर हात निवायचा खरा, पण केसाएवढी रेघ ओढण्याइतका नाही. सायकल स्टँडला उभी होती आणि आम्ही दोघं नुसते बसलो होतो.

आई पदर खोचून बाहेर आली. "कुठे काढायची ती रेघ?"

रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारा हात तो. तिने श्वास रोखला आणि पहिल्या सांध्याभोवती ब्रश फिरवला, रेघ सुरू झाली तिथेच येऊन मिटली. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. अण्णा तिच्याकडे बघत राहिले.

"काय बघताय? चुकलं का?"

"नाही," अण्णा म्हणाले. "दुसरा पण कर."

सगळे सांधे तिनेच केले. त्या दिवसापासून ती सायकल तिचीही झाली. शेजारणींना पडवीत नेऊन दाखवायची, भिंतीवर कुठे लावायची त्या जागेचं कॅलेंडर तिने आधीच काढून ठेवलं होतं. खिळे ठोकायला सुतारालाही सांगितलं होतं.

सायकल पुरी झाली तेव्हा थंडी संपत आली होती. वाकड्या हँडलला पांढरी पट्टी गुंडाळून झाली, पायडलांना पाय अडकवायचे चामडी पट्टे लागले. मी मागचं चाक उचलून पायडल फिरवलं. साखळी इतकी अलगद धावली की पडवीत नुसता मधमाशीसारखा आवाज भरला. अण्णांनी डोळे मिटले होते.

"भिंतीवर लावायच्या आधी दिनकरच्या मळ्यात नेऊ," ते म्हणाले. "फोटो काढायला. तिथे उजेड चांगला असतो."

आईने पुऱ्या केल्या, मटारची उसळ केली आणि आम्ही रविवारी सकाळी निघालो. सायकल गाडीच्या टपावर. दिनकरकाकांच्या बागेला लागून एक सरळ डांबरी रस्ता जातो, साखर कारखान्याच्या जुन्या वजनकाट्यापर्यंत. कारखाना बंद पडल्यापासून त्यावर कुणी येत-जात नाही. दोन्हीकडे द्राक्षाचे मांडव, मध्ये हा रस्ता, झाडून काढल्यासारखा स्वच्छ. पुढे मला कळलं की तो खरोखरच झाडून घेतला होता. काकांनी आदल्या दिवशी गडी लावून खडे वेचून घेतले होते.

आई काकूंना डबे द्यायला घरात गेली. मी मोबाइल काढून फोटोसाठी जागा बघत होते. वळून बघते तर दिनकरकाका सायकलची सीट धरून उभे, आणि अण्णा छोटी छोटी पावलं घासत सायकलकडे निघालेले. दर दोन पावलांनी अडत होते. काका थांबून होते, घाई करत नव्हते.

"अण्णा, कुठे?"

"फोटो काढायचा ना? मग बसतो की."

बसून फोटो, मला वाटलं. मी गेले आणि हँडल धरलं. पाय वर टाकायला दोघांनी मदत केली, ते फार अवघड गेलं. एकदा ते सीटवर बसले तसे काका वाकले आणि त्यांनी अण्णांचे पाय पायडलात घालून पट्टे ओढले. फोटोसाठी पट्टे कुणी ओढत नाही, हे मला तेव्हा उमगलं. ब्रेक, टायर, सुतळीचं माप, सीट, सगळं एकदम.

"अण्णा, नाही."

"त्रिशला, हँडल सोड."

"तुम्हाला नीट चालता येत नाही."

"चालायचं म्हणतोय कोण?"

मी काकांकडे बघितलं. ते सीट घट्ट धरून होते आणि माझी नजर चुकवत होते. "त्याला येतंय, पोरी," ते हळूच म्हणाले. "गेल्या महिन्यात तू दवाखान्यात आन् वहिनी देवळात होत्या तवा माझ्या नातवाची सायकल आणून बसवून बघितला. अंगणातल्या अंगणात, मी धरून. पाय सुरू झाले की झाले. मला भूतबाधाच वाटली."

मागून आईचा आवाज आला. "खाली उतरा."

ती घराच्या पायरीवर उभी होती, हातात रिकामा डबा. आवाज चढलेला नव्हता. अण्णा मान वळवू शकले नाहीत. समोर रस्त्याकडे बघतच बोलले.

"राजमती, मला घरात उंबरा ओलांडवत नाही. इथे उंबरा नाही."

"पडलात तर?"

"घरात पडत नाही?"

"घरात मी असते."

"इथे पण आहेस की."

आईने माझ्याकडे बघितलं. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, पण माझ्या हाताखालच्या हँडलवर त्यांचे हात होते आणि ते मला जाणवत होते. थरथर नव्हती. गेल्या कित्येक महिन्यांत ते हात इतके शांत मी बघितले नव्हते. मी डॉक्टर म्हणून विचार केला का, मुलगी म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मी हँडल सोडलं आणि बाजूला झाले.

दिनकरकाकांनी सीटला धरून ढकलायला सुरुवात केली. चार पावलं, सहा पावलं, काका धापा टाकत पळाले आणि मग त्यांच्या हातातून सीट सुटली.

अण्णा निघाले.

आधी थोडं डावीकडे झुकले, मग सायकल सरळ झाली. पाय फिरायला लागले, एकसारखे, गोल, न अडखळता. पाठ वाकली, कोपरं आत आली, हात हँडलच्या खालच्या वळणावर गेले. दर दोन पावलांनी अडणारा माणूस तिथे कुठेच नव्हता. डाव्या हाताने त्यांनी गिअरची दांडी खाली ओढली, साखळी खळकन दुसऱ्या दात्यांवर गेली आणि वेग वाढला. मांडवांच्या मधून मोरपंखी रंग लांब लांब जात राहिला. दिनकरकाका तोवर मोपेडला किक मारून मागे सुटले होते.

आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. मला वाटलं ती रागावेल, रडेल. ती कपाळावर हात आडवा धरून, उन्हातून डोळे बारीक करून बघत होती.

"असे दिसायचे होय," ती म्हणाली.

मला कळलं नाही. "काय?"

"लग्न ठरलं तेव्हा सगळे सांगायचे, मुलगा सायकल फार छान चालवतो. मी आले तेव्हा यांनी सोडली होती. सगळा जन्म नुसतं ऐकतेय. चाक असं, चढ तसा. मला वाटायचं, बोलतात झालं." तिचा हात कपाळावरच होता. "मी आज पहिल्यांदा बघतेय, त्रिशला."

वजनकाट्यापाशी अण्णांनी मोठा वळसा घेतला आणि ते परत यायला लागले. जवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा दिसला. कंपवाताने त्यांचा चेहरा कोरा करून टाकला होता, हसू आलं तरी ओठांपर्यंत पोहोचत नसे. त्या वेळीही तो कोराच होता, पण डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती, वाऱ्याने म्हणा किंवा कशानेही. ते आमच्यासमोरून सपकन निघून गेले.

"आता थांबा," आई ओरडली.

ते थांबले नाहीत. पुढे जाऊन वळले, परत आले, परत निघून गेले. जाताना म्हणाले, "उतरता येत नाही."

तेवढ्याने आमचं तोंडचं पाणी पळालं. चालवायचं कसं हे त्यांच्या पायांना आठवत होतं. थांबायचं म्हणजे पट्ट्यातून पाय काढून जमिनीवर टेकायचा, आणि जमीन आली की तेच पाय थिजणार. याचा विचार दोघा म्हाताऱ्यांनी केलाच नव्हता. दिनकरकाका मोपेडवरून शेजारी जाऊन ओरडत होते, "ब्रेक मार, मी धरतो," पण मोपेड चालवत धरणार कसे? पुढच्या फेरीला अण्णांचा वेग कमी झाला होता. दम लागला होता.

आई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आई, बाजूला हो," मी म्हणाले.

"तू मागून सीट धर," ती मला म्हणाली आणि अण्णांना म्हणाली, "सरळ माझ्याकडे या. हळू. ब्रेक दाबा. अजून दाबा."

अण्णा आले. पुढचं चाक तिच्या अंगावर येणार तेवढ्यात ती बाजूला सरली, हँडल एका हाताने धरलं आणि त्यांच्याबरोबर पळायला लागली. साडी घोट्यावर आवळत होती, एक चप्पल मागे राहिली, दुसरीही सुटली. मी मागून सीट धरून पळत होते. दहा-पंधरा पावलं आम्ही तिघं तशीच गेलो आणि सायकल थांबली. अण्णा सगळा भार टाकून आईच्या खांद्यावर रेलले. दोघंही धापा टाकत होते. काका मोपेड टाकून आले आणि वाकून पट्टे सोडायला लागले, पण घाईत त्यांनी ते उलट आवळलेच, शेवटी आईनेच ते सोडले. तिच्या बोटांना साखळीचं काळं ग्रीस लागलं.

अण्णांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. काकू आतून चहा घेऊन आल्या आणि आमचे चेहरे बघून तशाच उभ्या राहिल्या.

"घाबरलीस?" अण्णांनी विचारलं.

"होय," आई म्हणाली. पदराने बोटं पुसायला लागली, मग पदराकडे बघून थांबली. "पुढच्या रविवारी लवकर निघू. नऊच्या पुढे इथे ऊन फार होतं."

मिरजेच्या डॉक्टरांना आम्ही सगळं खरं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, असं होतं, काही जणांत दिसतं. डोक्यातली चालण्याची वाट बंद झाली तरी सायकलची वाट उघडी राहते. हेल्मेट घाला, आणि चढवायला-उतरवायला माणसं असतील तरच जा. आईने सुताराला येऊ नको म्हणून कळवलं.

अण्णांनी पुढचे तीन हिवाळे त्या रस्त्यावर सायकल चालवली. नंतर नंतर फेऱ्या कमी झाल्या, मग बंद झाल्या, आणि मग अण्णाही गेले. सायकल दिनकरकाकांच्या नातीने मागितली. आईने आनंदाने दिली, सोनेरी रेघ जपायची एवढीच अट घालून.

पण त्या पहिल्या रविवारनंतरच्या मंगळवारचं मला जास्त आठवतं. आई मला घेऊन मारुती रोडवरच्या चपलांच्या दुकानात गेली. जन्मभर साध्या चपला घालणारी ती बाई कॅनव्हासचे पांढरे बूट मागून बसली. साडी थोडी वर धरून दुकानातल्या दुकानात इकडून तिकडे चालून बघितलं, लेस दोनदा आवळून घेतल्या. दुकानातला माणूस गुडघ्यावर बसून अंगठ्यापाशी दाबून बघत होता. त्याने कौतुकाने विचारलं, "काकू, सकाळी फिरायला जाता का?"

"नाही," आई म्हणाली. "पळायला."